द्रवातील लेसर-कोरीवकाम : एक चिकित्सा

सिलिकॉनसारखा अर्धवाहक पाण्यात किंवा अल्कोहोलात बुडवून त्यावर अतिलघु लेसर-स्पंदांनी कोरीवकाम करण्याची पद्धत आता परिचित झाली आहे. द्रव उष्णता शोषून घेतो व सुटलेले कण वाहून नेतो, म्हणून काम स्वच्छ होते, असे तिचे समर्थन केले जाते. हे म्हणणे असत्य नाही. परंतु अपुरे खास आहे.

द्रव हा निव्वळ साक्षीदार नव्हे, हे पुणे विद्यापीठात पूर्वीच दिसून आले होते. ओगले, भिडे प्रभृतींनी पाण्याखालील लोखंडावर लेसर-स्पंद सोडले, तेव्हा पृष्ठभागी अस्थिर अवस्थेतील ऑक्साइड तयार झाले. हे संशोधन १९८७ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे धातू होता आणि स्पंद नॅनोसेकंदांचे होते, हा भेद ध्यानात ठेवूनही त्यातील बोध अर्धवाहकास लागू पडतो.

फेम्टोसेकंद-स्पंदाची ऊर्जा प्रथम इलेक्ट्रॉनांना मिळते. ती स्फटिकजालात पोचेपर्यंत स्पंद संपलेला असतो. तेवढ्या अवधीत द्रवाने थंडावा द्यावा, हे संभवत नाही. त्याचा परिणाम एक तर आधी, प्रकाशाच्या वाटेवर होतो, किंवा मागाहून. ८०० नॅनोमीटर तरंगलांबीला सिलिकॉन हवेत सुमारे ३३ टक्के प्रकाश परावर्तित करते, तर पाण्यात सुमारे २२ टक्के. अर्थात बाहेरून समान ऊर्जा देऊन केलेली हवा व पाणी यांची तुलना मुळातच विषम ठरते. पुढे बुडबुड्यांचा प्रश्न येतो. सेकंदाला एक लक्ष स्पंद असतील, तर दोहोंमधील अंतर दहाच मायक्रोसेकंद. पहिला बुडबुडा विरण्यापूर्वीच दुसरा स्पंद त्यावर आदळून विखुरतो. म्हणून द्रवाच्या थराची जाडी, त्याचा प्रवाह व स्पंदांची वारंवारता न सांगता ‘पाण्यात काम चांगले होते’ एवढेच नोंदविणारा निबंध शास्त्रदृष्ट्या अपुरा समजला पाहिजे.

हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता मर्यादित नाही. शिरूर तालुक्यातील रांजणगाव येथे इलेक्ट्रॉनिक उत्पादनाच्या वसाहतीस २०२२ मध्ये केंद्र सरकारची मान्यता मिळाली; दौंड तालुक्यातील कुरकुंभ रासायनिक कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. उद्या एकीकडे हे कोरीवकाम आणि दुसरीकडे त्यास लागणारा द्रव, असा संबंध जुळू शकेल. पण सिलिकॉनचे सूक्ष्म कण मिसळलेला द्रव शेवटी जाणार कोठे? शिरूर घोडनदीकाठी, दौंड भीमेकाठी वसले आहे. द्रवाची निवड करणाऱ्याने त्याच्या विल्हेवाटीचाही हिशेब त्याच निबंधात मांडावा, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.