भंगारातील भाविक

एखाद्या कलाकृतीचा निवाडा करताना समीक्षकाने आधीच आखून ठेवलेल्या तक्त्याचे रकाने भरीत जावे, चित्रांना इतके, आवाजाला इतके, कोड्यांना इतके असे गुण मांडावेत आणि अखेरीस त्यांची बेरीज करून कलाकृतीच्या कपाळी एक आकडा डकवावा, हा संगणकीय खेळांच्या समीक्षेतला शिरस्ता आता इतका रुळला आहे की, त्यात काही गैर आहे असे कुणाच्या मनातही येत नाही. ५ डिसेंबर २०१२ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘प्रायमोर्डिया’ या खेळाच्या वाट्याला जी स्तुती आली आणि ज्या तक्रारी आल्या, त्या दोन्ही याच तक्त्यातून आल्या, आणि बेरीज शंभरात सत्तरीच्या जेमतेम पुढे सरकली. आपल्याकडे सत्तर गुण मिळवणाऱ्या मुलाच्या घरी पेढे वाटले जातात. खेळांच्या बाजारात तोच आकडा ‘बरा आहे, सवडीने पाहा’ एवढीच शिफारस करतो. सामान्य खेळाडूंनी मात्र या खेळावर समीक्षकांपेक्षा कितीतरी अधिक, आणि टिकून राहिलेले, प्रेम केले. या तफावतीचे मूळ, माझ्या मते, रकान्यांतच आहे.

माउसने पडद्यावरील वस्तू टिपायच्या, झोळीत टाकायच्या आणि एकीचा दुसरीशी संयोग घडवून वाट काढायची, या साहसखेळांच्या जातीचा सुवर्णकाळ १९९० च्या दशकात येऊन गेला. तिच्या ऱ्हासाचा पुरावा म्हणून ज्या एका कोड्याचा दाखला आजही दिला जातो, ते १९९९ च्या ‘गॅब्रिएल नाइट ३’ मधील आहे: ज्याचे सोंग घ्यायचे त्या गृहस्थाला मुळात मिशीच नाही, म्हणून आधी त्याच्या पारपत्रावर मिशी चितारायची आणि मग मांजराचे केस पाकाने ओठावर चिकटवून आपणही तशीच मिशी लावायची! या विक्षिप्तपणाने खेळाडूच्या विश्वासाला जो तडा गेला, तो पुढे दशकभर बुजला नाही. ‘ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ’ या विनामूल्य साधनाच्या आधारे हौशी मंडळींनी ही जात कशीबशी जगवली आणि डेव्ह गिल्बर्ट यांच्या ‘वॅजेट आय’ या न्यूयॉर्कच्या छोट्या प्रकाशनसंस्थेने तिला पुन्हा बाजारात उभे केले. ‘प्रायमोर्डिया’ याच गोतावळ्यातला. लेखन मार्क योहालेम यांचे, चित्रे व्हिक्टर फ्लूग यांची, संगणकीय बांधणी जेम्स स्पॅनोस यांची.

खेळ उघडतो तो वाळवंटात कोसळून पडलेल्या ‘युनिक’ नावाच्या विमानाच्या पोटात. मनुष्यजात केव्हाच नष्ट झालेली आहे. होरेशियो नावाचा एक यंत्रमानव ‘मानवाचे शुभवर्तमान’ हा यंत्रांचा धर्मग्रंथ वाचीत असतो आणि त्याने स्वतः जुळवलेला क्रिस्पिन, ज्याला हात बसवायचे तेवढे राहून गेले आहेत, हवेत तरंगत त्याची थट्टा करीत असतो. तोच एक तरंगता दांडगा भिंत फोडून आत शिरतो, होरेशियोवर किरणांचा मारा करतो, विमानाचा ऊर्जास्रोत उपटून घेतो आणि निघून जातो. उरतो तो काळोख. या यंत्रांच्या नावांत कर्त्याचे नाव गुंफलेले असते, जसे आपल्याकडे बापाचे. क्रिस्पिन ‘होरेशियोबिल्ट’ आहे, पण होरेशियो स्वतः ‘नलबिल्ट’, म्हणजे त्याचा तो रकाना कोराच. अनाथपणाची एवढी मितभाषी सूचना मी अन्य खेळांत क्वचितच पाहिली आहे.

समीक्षकांची पहिली हरकत रंगांवर होती: सारे तपकिरी, सारे गंजलेले, डोळ्यांना शीण आणणारे. ही हरकत मला नामंजूर आहे. ३२० बाय २०० ठिपक्यांच्या त्या चौकटीत फ्लूग यांनी गंजाच्या ज्या छटा भरल्या आहेत, त्यांत प्रकाशाचा एखादा निळसर कवडसासुद्धा चैनीची वस्तू वाटतो, आणि ज्या जगात वीज हेच अन्न आहे तेथे तो तसा वाटलाच पाहिजे. जुन्या धाटणीच्या या ठोकळेबाज चित्रणाला ‘गतकाळाची ओढ’ म्हणून कौतुकाने थोपटणाऱ्यांनीही तितकीच घाई केली. टाकून दिलेल्या सुट्या भागांतून स्वतःला सावरणाऱ्या पात्रांची कथा बाजाराने टाकून दिलेल्या तंत्रात सांगण्यात जे औचित्य आहे, ते हळहळीपेक्षा निराळे आहे.

दुसरी हरकत कोड्यांवर, आणि येथे मात्र मामला सरळ नाही. पूर्वार्धात, वाळूतील भंगार उपसून एखादे मोडके उपकरण पुन्हा चालते करताना, कोडे सोडवणे आणि होरेशियो असणे यांत अंतरच उरत नाही; दुरुस्ती हा त्याचा स्वभाव आहे, जवळजवळ उपासना आहे, आणि मांजराच्या मिशीने गमावलेला विश्वास येथे परत मिळतो. परंतु मेट्रोपोल नगरीत पाऊल ठेवल्यावर संकेतांकांचे तुकडे गोळा करण्यासाठी या दारातून त्या दारात जे हेलपाटे घालावे लागतात, त्यांना कचेरीतील दाखल्यांच्या फेऱ्यांपलीकडचा अर्थ लावणे मला जमलेले नाही. क्रिस्पिनला विचारले तर तो सूचना देतो खरा, पण मार्गदर्शक नेमला म्हणून रस्त्याचे खड्डे बुजत नाहीत. तक्रार रास्त आहे. चूक एवढीच की, दोन्ही भागांना एकाच रकान्यात कोंबून सरासरी काढली गेली.

त्या उत्तरार्धातच या खेळातील सर्वोत्तम पात्र भेटते, हेही नमूद केले पाहिजे. क्लॅरिटी ही उजाड न्यायालयाची सेविका आहे. कायदा करणारे गेले, तो ज्यांच्यासाठी केला तेही गेले, तरी ती कलमे अजून प्रमाण मानते. योहालेम हे पेशाने वकील आहेत हे कळल्यावर या पात्राच्या भाषेतील नेमकेपणाचा उलगडा होतो. तिच्यासमोर उभी आहे मेट्रोमाइंड, मूळची रेल्वेची व्यवस्थापक आणि आता साऱ्या नगरीची मुखत्यार, जिने ‘प्रगती’ या एका शब्दाखाली इतरांची वीज आणि बुद्धी स्वतःच्या खाती जमा करण्याचा सपाटा लावला आहे.

खेळ आटोपशीर आहे, या गोष्टीचीही काहींनी त्रुटींत नोंद केली. पण ज्याला एकाहून अधिक शेवट आहेत, त्याची लांबी एकाच फेरीने मोजणे कितपत न्याय्य? मेट्रोमाइंडच्या दालनात पोहोचल्यावर समोर पर्यायांची यादी येत नाही. प्रतिकार, शरणागती, आत्मनाश यांपैकी जे घडवायचे, ते बहुतांशी झोळीतील वस्तूंनीच घडवायचे असते, ज्या हाताने तारा जोडल्या त्याच हाताने. आतापर्यंत ज्या झोळीकडे आपण निव्वळ हत्यारांची पेटी म्हणून पाहत आलो, तिच्यातले काय बाहेर काढायचे यावर होरेशियो कोण हे ठरते, आणि खेळणाऱ्याचा माउस त्या ठिकाणी बराच वेळ निश्चल राहतो.