जुन्या रौप्य नाण्यांचा संग्रह व जोगळटेंभीचा ठेवा

जुन्या चांदीच्या नाण्यांचा संग्रह करणाऱ्या गृहस्थांचें कपाट पाहण्याचा योग आला, म्हणजे एक गोष्ट बहुधा सर्वत्र सारखी आढळते. प्रत्येक राजाचें एक नाणें, तेंही शक्य तितकें स्पष्ट व न झिजलेलें, अशा हिशेबानें खणांची मांडणी केलेली असते. नहपानाचें एक ठळक मस्तकाचें नाणें मिळालें, कीं तो खण भरला. मग त्याच्याबरोबर आलेलीं दहावीस नाणीं अदलाबदलींत जातात किंवा सराफाकडे परत जातात. ही रीत इतकी रूढ झाली आहे कीं तिलाच आपण संग्रह म्हणतों. आमच्या मतें हें केवळ नमुन्यांचें प्रदर्शन होय. आणि त्यापायीं इतिहासाचें साधन कसें नष्ट होतें, हें दाखविण्यास जोगळटेंभीच्या ठेव्याइतकें बोलकें उदाहरण महाराष्ट्रांत दुसरें नाहीं.

नाशिक जिल्ह्यांत, सिन्नर तालुक्यांत, गोदावरी व दारणा यांच्या संगमाजवळ जोगळटेंभी हें गांव आहे. तेथें १९०६ सालीं सांपडलेल्या ठेव्यांतील १३,२५० नाणीं रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनीं तपासलीं व रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. सर्व नाणीं क्षहरात नहपानाचीं; त्यांपैकीं ९,२७० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हा मारलेला. नाणें सुमारें २ ग्रॅमचें धरलें, तर एकूण चांदी साडेसव्वीस किलो भरते. उषवदातानें नाशिकच्या लेण्यांतील भिक्षूंसाठीं श्रेणींकडे ठेवलेली कायम ठेव ३,००० कार्षापणांची होती. ते कार्षापण म्हणजे हींच नाणीं असें धरल्यास, हा ठेवा त्या राजजामाताच्या ठेवीच्या चौपटीहून अधिक होता!

नहपानाच्या नाण्याच्या एका बाजूस मस्तक असून त्याभोंवतीं ग्रीक अक्षरें आहेत. दुसऱ्या बाजूस बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख आहेत. चांदीचा तुकडा लहान, ठसा मोठा. त्यामुळें लेखाचा कांहीं भाग नेहमींच कांठाबाहेर पडतो. एकट्या नाण्यावरील ग्रीक अक्षरें अर्थहीन रेघोट्यांसारखीं दिसतात. पुष्कळ नाणीं शेजारीं मांडून एकाचा तुटलेला भाग दुसऱ्यावरून भरून काढला, म्हणजे ती ग्रीक भाषा नसून 'राज्ञो क्षहरातस नहपानस' हाच लेख ग्रीक अक्षरांत उतरविलेला आहे, हें कळतें. स्कॉट यांच्या परिश्रमाचें खरें फळ हें आहे. निवडक, सुंदर अशा एका नाण्यावरून तें कोणाच्याहि हातीं लागलें नसतें.

त्यांच्या दुसऱ्या एका अनुमानाशीं मात्र आम्ही सहमत नाहीं. नाण्यांवरील मस्तकें निरनिराळ्या वयांचीं व चेहरेपट्टींचीं दिसतात. म्हणून तीं एका पुरुषाचीं नसून नहपानाच्या कुटुंबांतील निरनिराळ्या व्यक्तींचीं असावीं, असें त्यांनीं सुचविलें. परंतु दुसऱ्याचें मुख व नांव मात्र नहपानाचेंच, असा प्रकार एकाच टांकसाळींत चालला असेल, हें मानणें कठीण आहे. ठसे खोदणारे कारागीर अनेक होते आणि राजा प्रत्येकासमोर बसलेला नव्हता, एवढें धरलें तरी हा फरक उलगडतो. असो. हा वाद करण्याची सोय तरी आज आहे, ती मस्तकें हजारोंनीं एकत्र पाहिलीं गेलीं म्हणूनच.

पुनरंकित नाण्यांकडे संग्राहकांची वक्र दृष्टि असते, कारण तीं दिसावयास कुरूप. नहपानाच्या नाकावर तीन कमानींचा पर्वत व त्याखालीं नागमोडी रेघ, बाणावर उज्जयिनीचें चिन्ह, आणि दोन लेखांची गुंतागुंत. पण बलश्रीच्या लेखांत आपल्या पुत्रानें क्षहरातांचें निर्मूलन केल्याचें जें वर्णन आहे, त्याला प्रत्यक्ष पुरावा या कुरूप तुकड्यांचाच आहे. नहपान त्या वेळीं जिवंत होता कीं त्याच्या मरणानंतर बराच काळ त्याचीं नाणीं चालू होतीं, यावर विद्वानांत मतभेद झाला. पुनरंकनानें एवढेंच सिद्ध होतें कीं नाणीं चलनांत होतीं, हा आक्षेप आम्हांस रास्त वाटतो. तथापि त्या ठेव्यांत नहपानाखेरीज दुसऱ्या कोणत्याहि क्षत्रपाचें नाणें नव्हतें, ही गोष्ट फार वजनाची आहे. अमुक नव्हतें, असें म्हणतां येतें तें ठेवा अखंड मोजला गेला असेल तरच. चार मुठी चार दिशांना गेल्यावर हें वाक्य कोणासहि लिहितां येत नाहीं.

याच्या उलट सोपाऱ्याचें उदाहरण पाहावें. भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं तेथील स्तूप उकरला, तेव्हां यज्ञ सातकर्णीचें चांदीचें एकच नाणें मिळालें. पण तें कोठें, कशाबरोबर मिळालें हें नोंदलेलें असल्यामुळें स्तूपाच्या कालनिर्णयास तें उपयोगी पडलें. तेंच नाणें बाजारांतून आलें असतें, तर एका खणाची शोभा झालें असतें.

प्रस्तुत लेखकाच्या हातूनहि हा अपराध घडला आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका सराफाकडे नहपानाच्या नाण्यांची पुरचुंडी पाहावयास मिळाली. सर्वांवर एकच हिरवट-काळा थर होता. म्हणजे तीं एकाच भांड्यांतून निघालीं असावीं. आम्हीं त्यांतून पांच स्वच्छ नाणीं वेंचलीं, घरीं आणून चिंचेच्या पाण्यांत घातलीं व लखलखीत केलीं. उरलेलीं तेथेंच राहिलीं. तीं किती होतीं, तें मोजलें नाहीं. कोणत्या गांवाहून आलीं, तें विचारलें नाहीं. आणि वजन केलें तें थर निघून गेल्यावर. महिन्याभरानें परत गेलों तों पुरचुंडी मुशींत गेली होती.

१८७८ च्या कायद्यानें दहा रुपयांवरील निधान सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणें बंधनकारक आहे. ज्यास तें सांपडतें तो बहुधा हा कायदा जाणत नाहीं, व जो विकत घेतो तो न जाणल्याचें दाखवितो. संग्राहकानें ठेव्याविषयीं कानावर येतांच तो अखंड सरकारांत जाईल असें करावें. कायदेशीर मार्गानें विक्रीस आलेला जुना संग्रह घेतांना निवड करूं नये. पुरचुंडी सबंध घ्यावी, पैसे पुरत नसल्यास दोघांनीं मिळून घ्यावी, आणि तेंही न जमल्यास प्रत्येक नाण्याचा ठसा लाखेवर तरी उठवून घ्यावा. विकणारा गांवाचें नांव चुकीचें सांगेल. तरी तें त्याच्याच शब्दांत, तारखेसह, लिहून ठेवावें.

आमचीं तीं पांच नाणीं अद्याप कपाटांत आहेत. त्यांच्या चिठ्ठीवर राजाचें नांव व वजन आहे. गांवाची जागा कोरी आहे.