पाहण्यासारखं काही नाही

मराठी समीक्षेनं कादंबरीची चिकित्सा केली, नवकवितेची केली, ग्रामीण साहित्याची केली, बालवाङ्मयालाही अधूनमधून दोन बरे शब्द दिले. पण ज्या वाङ्मयावर विश्वास ठेवून माणसं खिशातले पंधरा-वीस हजार रुपये मोजतात, त्या पर्यटन-पुस्तिकेकडं एकाही समीक्षकाचं लक्ष जाऊ नये, हे मला फार दिवस खटकत आलेलं आहे. कादंबरी फसली तर वाचकाचे तीनशे रुपये जातात. पुस्तिका फसली तर मे महिन्यातले चार दिवस जातात, आणि परत आल्यावर ‘कशी झाली ट्रिप?’ या प्रश्नाला ‘छान!’ हे उत्तर वर्षभर द्यावं लागतं ते वेगळंच.

यंदा या वाङ्मयाचा सखोल अभ्यास करण्याचा योग आला. लग्नाला एकोणतीस वर्षं झाल्यावर आम्ही दोघांनी, म्हणजे फक्त दोघांनी, उन्हाळ्यात समुद्रावर जायचं असा ठराव घरात मंजूर झाला. सूचक आमची मुलगी, अनुमोदक मुलगा. दोघंही आता परगावी असल्यामुळं ठराव फोनवरच झाला. आजवर आमची उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे एक तर गावाकडं, नाही तर कुणाच्या तरी लग्नाला. तिथं ‘कुठं जायचं’ हा प्रश्न नसतो, ‘आहेर काय न्यायचा’ एवढाच असतो. या वेळी मात्र गाव आम्हीच निवडायचं होतं. तेव्हापासून आमच्या टीपॉयवर अकरा पुस्तिका पडून आहेत. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळा किनारा त्यात आहे.

आता कुणी म्हणेल, छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला समुद्रातलं काय कळतं? आक्षेप रास्त आहे. हे शहर औरंगाबाद होतं तेव्हा इथं समुद्र नव्हता, आणि २०२३ साली नाव बदललं म्हणून तो आला असंही नाही. आमचा जवळचा सागर म्हणजे पैठणचा नाथसागर. १९७६ साली जायकवाडी धरणाचं उद्घाटन झालं आणि त्या पाण्याला तलाव, जलाशय असलं काही न म्हणता आम्ही सरळ सागर म्हणून मोकळे झालो. तहानलेल्या माणसाला उपमा मोठ्याच सुचतात. पण समीक्षकाला लागते ती तटस्थता, आणि ती आमच्याकडं भरपूर आहे. कोकणातल्या माणसाला चांगलं गाव विचारा, तो स्वतःचंच सांगेल. आम्हाला सगळी गावं सारखीच लांब.

शिवाय समुद्राशी आमचं नातं अगदीच नाही असं नाही. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात आमचं पैठण आहे. इथून मौल्यवान दगड गाड्यांत घालून भडोच बंदराला जात, वाट वीस दिवसांची आहे आणि बराचसा मुलूख बिनरस्त्याचा आहे, असं तो गृहस्थ सांगतो. या साऱ्या वाङ्मयात इतकी प्रामाणिक वाक्यं मला दुसरी सापडलेली नव्हती. वीस दिवस म्हणजे वीस दिवस. रस्ता नाही म्हणजे नाही. आजचा पुस्तिकाकार असता तर त्यानं ‘समुद्रापासून हाकेच्या अंतरावर वसलेले निसर्गरम्य पैठण’ असं ठोकून दिलं असतं.

शैलीचा विषय निघालाच आहे, तर तिकडं वळू. या वाङ्मयाचा सर्वांत मोठा दोष म्हणजे विशेषणांची उधळपट्टी. अकरा पुस्तिकांत मिळून ‘निसर्गरम्य’ नसलेलं एकही गाव मला आढळलं नाही. ‘स्वच्छ’ आणि ‘शांत’ ही जोडी तर विठ्ठल-रखुमाईसारखी, कुठंही एकत्रच. ‘समुद्रापासून दोन मिनिटांवर’ हा शब्दप्रयोग सात ठिकाणी आहे. ही दोन मिनिटं कुणाच्या चालीनं मोजली ते दिलेलं नाही. बहुधा भरतीच्या वेळी समुद्रच तेवढ्या वेळात खोलीपाशी येत असावा. ‘सर्व सोयींनी युक्त’ याचा अर्थ सोयी सांगण्यासारख्या नाहीत, हे मी अनुभवी वाचकाला सांगायला नको.

आणि ‘घरगुती जेवण’! पुस्तिकाकारानं हे मोठ्या खुशीत, ठळक अक्षरांत छापलेलं असतं. आमच्या हिनं ते वाचलं आणि पुस्तिका खाली ठेवली. “घरगुतीच खायचं तर घर काय वाईट आहे?” एकोणतीस वर्षं जी बाई रोज दोन वेळा घरगुती जेवण करते, तिला आमिष म्हणून घरगुती जेवण दाखवायचं! लेखकाला आपला वाचक ठाऊक नसला की असं होतं.

चित्रांबद्दल तर बोलायलाच नको. ‘जोडप्यांसाठी खास’ या पानावर पंचविशीतलं एक जोडपं वाळूतून हात धरून पळताना दाखवलेलं असतं. आमच्या वयाची माणसं वाळूत पळतात ती एकाच कारणासाठी: चप्पल लाटेबरोबर चाललेली असते. साठीकडं झुकलेलं एखादं जोडपं खाली सतरंजी टाकून, गुडघ्याला हात लावून बसलंय, शेजारी पाण्याची बाटली आणि चष्म्याचं घर आहे, असं चित्र एकाही पुस्तिकेत नाही. अकरा पुस्तिकांत आमच्यासाठी लिहिलेली एक ओळ नसावी, याला काय म्हणावं?

या लिखित वाङ्मयाला समांतर अशी एक मौखिक परंपरा आहे. ती शेजारी, साडू आणि फिरायला जाताना भेटणारी निवृत्त मंडळी यांनी जिवंत ठेवलेली आहे. या परंपरेत गाव सुचवलं जात नाही, लादलं जातं. शेजारचे गृहस्थ तीस वर्षांपूर्वी गोव्याला गेले होते. तेव्हापासून ते गोव्याशिवाय दुसरा समुद्र मानत नाहीत. साडूंचं म्हणणं अलिबाग. तिथं ओहोटीला पायी चालत कुलाब्याच्या किल्ल्यात जाता येतं हे खरं, पण अलिबागहून परत आल्यावर लोकांना सांगायचं काय, ही अडचण आहे. ‘अलिबागहून आलायस काय?’ ही म्हण बंद करा म्हणून २०१९ साली उच्च न्यायालयात याचिका गेली होती. न्यायालयानं ती फेटाळली. म्हणजे म्हणीला आता कायद्याचाच आधार आहे.

इतिहासाचे एक निवृत्त मास्तर मुरूडसाठी अडून बसले. त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता. आमच्या शहराचं मूळ नाव खडकी, ते १६१० साली वसवलं मलिक अंबरनं. तो हबशी, आणि मुरूडच्या जंजिऱ्याचे सिद्दीही हबशीच. दोघंही मुळात निजामशाहीच्या चाकरीतले. बरं, ते नाव नको असेल तर नवं घ्या. १६८२ साली जंजिऱ्यावर चालून जाण्यासाठी समुद्रात भराव टाकून वाट बांधायला काढली ती संभाजीमहाराजांनी. “तेव्हा सर्वांत जुनं नाव घ्या की सर्वांत नवं, वाट मुरूडलाच जाते,” मास्तर म्हणाले. आतून चहा घेऊन आलेली ही तेवढंच म्हणाली, “म्हणजे तिथंही इतिहासच आहे ना?” या प्रश्नात केवढा अर्थ होता, ते पुढं येईलच.

त्याआधी आशयातली एक मोठी उणीव सांगितली पाहिजे. हे वाङ्मय स्थळ सांगतं, काळ सांगत नाही. सगळे फोटो डिसेंबरातले, आणि आपण जाणार मे महिन्यात. आमच्याकडं मे म्हणजे चाळीस-बेचाळीस अंश. पण ते ऊन कोरडं. खिडकीला कूलर लावला, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडलं की दुपार निभावते. कोकणात पारा तेहेतीस-चौतीसवर थांबतो म्हणून आपण खुश होतो. पण तिथल्या दमट हवेत कूलर म्हणजे नुसता आवाज. पाणी सुकेल तेव्हा गारवा येईल, आणि तिथं तर दोरीवरचा टॉवेलही सुकत नाही. त्यातून मे महिन्यात अर्धी मुंबई गावी गेलेली असते. गाडीला जागा नाही, आणि महिनाअखेरीला समुद्र खवळायला लागतो. हे सगळं मान्य करूनही हापूस आणि फणस मे महिन्यातच असतात, हा कोकणच्या बाजूनं सर्वांत सबळ पुरावा आहे. पण तोही पुस्तिकेत नीट मांडलेला नाही.

भरती-ओहोटीबद्दल तर अकराही पुस्तिका गप्प आहेत. ‘सूर्यास्ताच्या वेळी पायांना स्पर्शून जाणाऱ्या लाटा’ असं लिहिताना त्या वेळी लाटा जागेवर असतील का, याची चौकशी लेखकानं केलेली नाही. कोळ्यांचा एक जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणनं गुणायचं, की ठोकळमानानं भरतीची वेळ निघते. पौर्णिमेला सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी पाच-सव्वापाचला पूर्ण ओहोटी. समुद्र लांब गेलेला, समोर नुसती ओली वाळू. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, बरोबर सहा. सूर्य बुडायला आणि पाणी भरायला एकच गाठ. म्हणजे गावापेक्षा तिथी निवडणं महत्त्वाचं, आणि अकरा रंगीत पुस्तिकांपेक्षा खिळ्याला टांगलेलं पंचांग अधिक उपयोगी. ही माझ्या अभ्यासाची पहिली निष्पत्ती.

दुसरी निष्पत्ती माझी नाही, हिची आहे, आणि तीच मोलाची आहे. मी विशेषणं मोजत होतो तेव्हा ही प्रत्येक पुस्तिका मागून वाचत होती. मागच्या पानावर ‘जवळपासची प्रेक्षणीय स्थळे’ अशी यादी असते. हिनं पेन्सिलीनं प्रत्येक मुखपृष्ठावर एक आकडा घातला. चौदा. अकरा. नऊ. आणि मोठ्या आकड्याच्या पुस्तिका एकेक करून रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवल्या.

“अगं, चौदा स्थळं आहेत तिथं!”

“म्हणूनच,” ती म्हणाली.

बाहेरच्या माणसाला हे विक्षिप्त वाटेल. पण आम्ही लेण्यांच्या गावात संसार केलेला आहे. एकोणतीस वर्षांत आमच्याकडं जो पाहुणा आला तो आम्हाला भेटायला आला हे निमित्त. खरा आला तो वेरूळ, अजिंठा, दौलताबाद, मकबरा आणि पाणचक्कीला. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, यावर आमच्या घरी पाहुण्यांचा मुक्काम ठरतो. पहाटे उठून धपाटे करायचे, दही बांधून घ्यायचं, दशम्या वेगळ्या. वेरूळला पोचल्यावर मी कैलास लेण्याचं ‘आधी कळस, मग पाया’ सांगणार, आणि ही बाहेर झाडाखाली कुणाच्या तरी झोपलेल्या पोराला मांडीवर घेऊन, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसणार. परतताना पाहुणे म्हणणार, “वहिनी, नशीबवान आहात, एवढं जवळ आहे!”

मी हिशोब केला. आम्ही दोघांनी मिळून कैलास लेणं पाहिलं आहे, असं म्हणता यायचं नाही. आम्ही मिळून ते दाखवलं आहे. पाहणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. पुस्तिकाकारांनी आयुष्य घालवलं तरी हा भेद त्यांच्या ध्यानात येणार नाही. ते जिला आकर्षण म्हणून छापतात, ती आमच्या हिला कामाची यादी दिसते.

समुद्राचं मोठेपण मला इथं कळलं. समुद्र कुणाला दाखवावा लागत नाही. त्याला वाटाड्या लागत नाही, तिकीट लागत नाही, तो सोमवारी बंद नसतो. त्याच्यासमोर माणसाला बसता येतं, एवढंच. समुद्राची हवा औषधी म्हणून चार दिवस जाऊन राहायचं, ही टूम विलायतेत १७५० च्या सुमारास एका डॉक्टरनं ब्रायटनकडं काढली. तो तर रोग्यांना समुद्राचं पाणी प्यायलाही लावी. आपल्याकडं समुद्रावर जात ते पर्वणीच्या स्नानाला, नाही तर अस्थी घेऊन. नुसतं बसायला जाणं आपल्या रक्तातच नाही. मराठीतली समुद्रावरची सर्वांत प्रसिद्ध कविता सावरकरांनी १९०९ साली लिहिली, तीही त्याच ब्रायटनच्या किनाऱ्यावर, आणि त्या हवापालटाच्या गावी बसून त्यांना आठवलं ते घर.

खरं सांगायचं तर मला भीती होती तीही तीच. चार दिवस दोघांनी बोलायचं काय? घरी बोलणं आपोआप निघतं. नळाला पाणी कधी येणार, टाकी भरली का, मुलांचा फोन आला का. वर्षानुवर्षं कित्येक दिवसांआड येणाऱ्या पाण्यानं आमच्या शहरातल्या नवरा-बायकोंना विषय कमी पडू दिलेला नाही. समुद्रावर एवढं पाणी समोर असताना तो विषयही गेला. मी हे हिला बोलून दाखवलं. ती गठ्ठा बांधत होती. सुतळीची गाठ मारून म्हणाली, “दोघांनी एकीकडंच बघत बसायचं. बोलायलाच पाहिजे असं कुठं आहे?”

गठ्ठ्याबाहेर एकच पुस्तिका राहिली होती, आणि तिच्यातलं एकच पान. दापोली तालुक्यातलं केळशी. मजकूर जेमतेम चार ओळी. महालक्ष्मीचं देऊळ, याकूबबाबांचा दर्गा, वाळूची एक टेकडी. आकडा तीन. “देऊळ चालेल, दर्गाही चालेल,” ही म्हणाली, “टेकडी लांबून बघू.” मी दिलेल्या नंबरावर फोन लावला. पलीकडून एक म्हातारा आवाज आला. खोली आहे म्हणाला, पंखा आहे, विहीर आहे. मी सवयीनं विचारलं, “आसपास पाहण्यासारखं काय आहे?”

“पाहण्यासारखं?” तो जरा थांबला. “तसं म्हणाल तर काही नाही हो. समुद्र आहे आपला.”

‘पेरिप्लस’नंतर या वाङ्मयात इतकं निरलंकार वाक्य झालेलं नसावं. मी फोनवर हात ठेवून ते हिला जसंच्या तसं सांगितलं. तिनं काही विशेष प्रतिक्रिया दिली नाही. भिंतीवरचं पंचांग काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “अष्टमी कधी येते ते बघा आधी.”