पुंज भौतिकीचे सुबोधीकरण : गॅमॉव यांच्या पद्धतीचा विचार

शास्त्रीय विषय सामान्य वाचकासाठी मांडताना काय गाळावे, यापेक्षा काय बदलू नये, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय. पुंज भौतिकीच्या संदर्भात त्याचा विचार करण्यास जॉर्ज गॅमॉव यांचे ‘मिस्टर टॉम्पकिन्स इन वंडरलँड’ (१९४०) हे पुस्तक विशेष उपयुक्त आहे. अल्फा-किरणोत्सर्गाचा उलगडा गॅमॉव यांनी १९२८ मध्ये पुंज सिद्धांताच्या आधारे केला होता. त्यामुळे त्यांचे सुबोधीकरण ऐकीव ज्ञानावर उभे नाही. १९५६ मध्ये युनेस्कोचे कलिंग पारितोषिकही त्यांना लाभले.

प्लांकचा स्थिरांक ज्यूल-सेकंदात लिहिल्यास दशांशचिन्हानंतर ३३ शून्ये येतात. म्हणूनच पुंज नियमांचा प्रत्यय व्यवहारात येत नाही. बँकेतील कारकून टॉम्पकिन्स मात्र स्वप्नात अशा ठिकाणी पोहोचतो, की जेथे हा स्थिरांक प्रचंड आहे. तेथे बिलियर्डचा चेंडू पसरट दिसतो. लाकडी त्रिकोणात कोंडताच तो वेगाने धावू लागतो आणि अखेर कड न ओलांडताच बाहेर पडतो. अणुकेंद्रातून अल्फा-कण सुटतो तो याच न्यायाने. अणूला सूर्यमालेची उपमा देणारा लेखक नियमच बदलतो. गॅमॉव नियम कायम ठेवून केवळ प्रमाण वाढवितात. या पद्धतीचे खरे सामर्थ्य येथे आहे.

तथापि दोन आक्षेप संभवतात. स्थिरांक वाढल्यास अणूचा आकार त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढेल. मग खेळाडू व टेबल पूर्ववत राहणार नाहीत. स्वप्नकथेत ही सवलत क्षम्य मानता येईल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मॅक्स बॉर्न यांनी १९२६ मध्ये मांडलेल्या अर्थानुसार जी पसरते ती संभाव्यता. मापनात कण एकाच ठिकाणी सापडतो. चेंडू पाहणे हेही एक मापनच. म्हणजे पसरलेला चेंडू डोळ्यांना दिसतो, या चित्रात सिद्धांताचे मर्मच झाकले जाते. कथांच्या जोडीला दिलेली प्राध्यापकाची व्याख्याने ही उणीव काही अंशी भरून काढतात. पण वाचकाच्या मनात व्याख्यानापेक्षा चित्र अधिक काळ टिकते.

मराठीत ही अडचण शब्दापासूनच सुरू होते. ‘अनिश्चितता’ म्हटले की कणाची जागा ठरलेली आहे, फक्त आपणास ती ठाऊक नाही, असा सहज समज होतो. बॉर्न यांच्या अर्थानुसार मापनापूर्वी तशी ठरलेली जागा मानता येत नाही. तेव्हा सुबोध लेखनाची कसोटी वाचकास चित्र दिसले की नाही, एवढीच नव्हे. ते चित्र कोठे सोडून द्यावयाचे, हे त्यास कळले की नाही, ही होय.