नक्कल आणि मूळ

विडंबनाला आपल्याकडे विनोदाच्या पंगतीत बसवतात. समीक्षेच्या दालनात त्याला सहसा प्रवेश मिळत नाही. आमच्या मते हा अन्याय आहे. चांगले विडंबन म्हणजे मूळ कवितेचे अतिशय बारकाईने केलेले वाचनच होय. मात्र त्यातील समीक्षा कळण्यासाठी वाचकाच्या कानात मूळ कविता असावी लागते.

एडगर ॲलन पो यांची 'द रेव्हन' ही कविता जानेवारी १८४५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकात प्रसिद्ध झाली आणि पाठोपाठ तिच्या नकला निघू लागल्या. एकाच शब्दावर थांबणारे ध्रुपद आणि ठसठशीत अंतर्यमके यांमुळे तिचा साचा कोणालाही उचलता येण्याजोगा होता. १८४६ मध्ये अब्राहम लिंकन यांना एका स्नेह्याने असेच एक विडंबन पाठवले. उत्तरात लिंकन यांनी कळवले, की पो यांची कविता आपण पाहिलेली नाही आणि विडंबनाची गोडी बहुतांशी मुळाच्या परिचयावर अवलंबून असते हे आपण जाणतो. तरीही मनमुराद हसण्यापुरते त्यात पुष्कळ आहे. लिंकन यांना हसू लाभले, समीक्षा मात्र निसटली. मूळ न वाचल्याची जाणीव त्यांना होती, हे विशेष.

मराठीत हीच कसोटी केशवसुतांच्या 'आम्ही कोण?' या कवितेला लावून पाहावी. कवीच्या सामर्थ्याचा तो उदात्त उद्घोष. प्रल्हाद केशव अत्रे यांनी 'केशवकुमार' या नावाने त्याच शीर्षकाचे विडंबन लिहिले व ते 'झेंडूची फुले'त समाविष्ट झाले. कृष्णाजी केशव दामले आणि अत्रे या दोघांच्याही वडिलांचे नाव केशव. तेव्हा या टोपणनावातच नाते सांगितलेले आहे. शार्दूलविक्रीडिताची भारदस्त चाल अत्रे यांनी तशीच ठेवली आणि तीत मासिकांत छायाचित्रे छापवून घेणाऱ्या, परवाङ्मयातून उसनवारी करणाऱ्या कवींचा डौल भरला. केशवसुतांचा 'आम्ही' साऱ्या कविकुळाचा आहे, अत्रे यांचा एका कंपूचा. ही घसरण ज्याला ऐकू येते, त्यालाच कळते की प्रहार केशवसुतांवर नसून त्यांचा आवेश पांघरणाऱ्यांवर आहे. मूळ ठाऊक नसेल तर उरते ती केवळ कवींची टवाळी.

आमच्या हैदराबादेत उर्दूच्या विनोदी मुशायऱ्यांत गझलेचा ओळखीचा मिसरा उच्चारताच सभागृहात हशा पिकतो, कारण ती गझल श्रोत्यांना मुखोद्गत असते. मराठी मेळाव्यांत आम्हांला वेगळे चित्र दिसते. अत्रे यांना भरभरून दाद मिळते. पण केशवसुतांची कविता कोणी म्हणेल का, असे विचारले तर तरुण मंडळी एकमेकांकडे पाहतात. दोष त्यांचा नाही. ज्यांचे शिक्षण मराठीतून झाले नाही, त्यांच्यापर्यंत मूळ पोहोचवण्याचे काम आम्हां वडीलधाऱ्यांचे होते.

सरकारी दप्तरात आयुष्य घालवलेल्या आम्हांला एक नियम चांगला ठाऊक आहे: नक्कल मुळाशी ताडून पाहिल्याखेरीज ग्राह्य धरली जात नाही. साहित्य संस्थांनीही तो पाळावा. विडंबनाचा कार्यक्रम जरूर करावा, पण त्याआधी मूळ कविता संपूर्ण आणि सावकाश वाचावी. हसू त्याने कमी होणार नाही. उलट आपण कशाला हसलो हे समजेल.