नाव दिलेला ठिपका

रेचेल कार्सन म्हटलं की आपल्याला ‘सायलेंट स्प्रिंग’ आठवतं, डीडीटी आठवतं. त्याच्या एकवीस वर्षं आधी, नोव्हेंबर १९४१ मध्ये, बाईंचं पहिलं पुस्तक आलं होतं: ‘अंडर द सी-विंड’. महिना-सव्वा महिन्यात पर्ल हार्बरवर हल्ला झाला, अमेरिका युद्धात उतरली आणि पुस्तकाकडे पाहायला कुणाला सवड उरली नाही. ‘द सी अराउंड अस’ गाजल्यावर १९५२ मध्ये ते पुन्हा छापलं गेलं, तेव्हा कुठे वाचकांच्या हाती पडलं. त्यातल्या मधल्या भागाचा नायक आहे स्कॉम्बर, उत्तर अटलांटिकमधला मॅकरेल. आपल्या बांगड्याच्याच कुळातला मासा. त्याच्या जन्मापासून तो झुंडीत शिरेपर्यंतची पानं मला या पुस्तकात सर्वांत सरस वाटतात, कारण लेखिकेने तिथे जवळजवळ अशक्य काम अंगावर घेतलं आहे.

अडचण अशी. मॅकरेलच्या जन्मात गोष्टीला धरायला काहीच सापडत नाही. घरटं नाही, आई नाही, भावंडांची ओळख नाही. वसंत सरता सरता मॅकरेलच्या झुंडी किनाऱ्याजवळच्या पाण्यात येतात, माद्या लाखांनी अंडी सोडतात, नर त्यांवर रेत सोडतात आणि सगळे पुढे निघून जातात. अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, पारदर्शक. त्यात तेलाचा एक थेंब, त्याच्या बळावर ते वरच्या पाण्यात तरंगत राहतं. अशा अगणित ठिपक्यांतल्या एकाची गोष्ट सांगायची कशी?

कार्सनबाई सरळ त्या ठिपक्याला नाव देतात. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडपासून दूर, खुल्या समुद्रात, खसखशीच्या दाण्याएवढं काहीतरी वाहत आहे, आणि त्याला त्या स्कॉम्बर म्हणतात. तो अजून मासा झालेला नाही, पुढे होईल की नाही याचीही खात्री नाही. नावही लाडाचं नव्हे. मॅकरेलच्या शास्त्रीय नावातला प्रजातीचा शब्द त्यांनी तसाच उचलला आहे. त्यामुळे स्कॉम्बर एकाच वेळी ‘हा’ मासा असतो आणि ‘असा कुठलाही’ मासा असतो. पुढचं सगळं लेखन या दुहेरीपणावर उभं आहे. बाई क्षणभर त्याच्याजवळ थांबतात, मग नजर वर उचलून आजूबाजूच्या अंड्यांत किती मेली, किती खाल्ली गेली याचा हिशेब मांडतात, आणि पुन्हा त्याच्याकडे येतात.

अंड्यातून बाहेर येण्याचा प्रसंग तर शब्द न् शब्द लक्ष देऊन वाचावा. इथे दुसरा कुणी लेखक असता तर जन्माचा सोहळा केला असता. कार्सनबाई अपुरेपणाची यादी देतात. कल्ल्यांच्या फटी आखलेल्या आहेत, पण आरपार उघडलेल्या नाहीत. म्हणजे श्वासाला निरुपयोगी. तोंड म्हणजे नुसती बंद पिशवी. पोटाला पिवळ्या बलकाची थैली लटकलेली, तीच शिदोरी. तीनेक मिलिमीटरचा हा जीव पोहतही नाही, प्रवाह नेईल तिकडे जातो. ही नजर कुठून आली, ते बाईंच्या शिक्षणात दिसतं. १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी एमएचा प्रबंध लिहिला तो कॅटफिशच्या भ्रूणात आणि कोवळ्या पिल्लात मूत्रपिंडाचा पहिला अवयव कसा घडतो, यावर. सूक्ष्मदर्शकाखाली अर्धवट घडलेली शरीरं पाहण्यात त्यांनी दिवस घातले होते. म्हणून त्यांच्या वर्णनात कीव नाही, कौतुकही नाही. जे अजून झालेलं नाही, ते नेमकेपणाने सांगितलं आहे.

मग शिदोरी संपत येते आणि तोंड उघडतं. नॉर्वेच्या योहान हिओर्त यांनी १९१४ मध्ये मांडलं होतं की माशाच्या आयुष्यातली खरी कसोटी इथेच लागते: बलक संपला आणि त्या वेळी योग्य आकाराचं खाद्य समोर नसलं, तर पिल्लांची अख्खी पिढी उपाशी मरते. कार्सनबाई सिद्धान्ताचं नावही घेत नाहीत. पण इथपासून त्यांचं लेखन कूस बदलतं. आतापर्यंत स्कॉम्बरचं जे काही होत होतं ते समुद्र करत होता. आता तो पाहतो, झेपावतो, सूक्ष्म प्लवक गिळतो. पहिल्यांदा क्रियापदं त्याच्या मालकीची होतात.

ती मालकी किती तकलादू, हे लगेच कळतं. कॉम्ब जेली नावाच्या पारदर्शक जीवाच्या लांब, चिकट तंतूत स्कॉम्बर अडकतो आणि तिच्या तोंडाकडे ओढला जाऊ लागतो. तेवढ्यात एक मोठा मासा त्या जेलीलाच तोंडात घेतो, चव न आवडून थुंकतो, आणि स्कॉम्बर अर्धमेला होऊन सुटतो. याआधी एका अँकोव्हीच्या तावडीतूनही तो असाच वाचलेला असतो. तेव्हा अँकोव्हींवरच ब्लूफिश तुटून पडलेले असतात.

इथे चोखंदळ वाचक कुरकुरेल. दर वेळी ऐन क्षणी सुटका? हा तर हिंदी सिनेमा झाला. मलाही आधी तसंच वाटलं. पण आकडे पाहिले की आक्षेप उलटतो. ऑस्कर एल्टन सेट यांनी १९३२ च्या हंगामात याच किनाऱ्यावर मॅकरेलची अंडी आणि पिल्लं मोजली. तो अहवाल १९४३ मध्ये छापला गेला. दहा लाख अंड्यांमागे पाच सेंटिमीटरपर्यंत वाढणारी पिल्लं एक ते दहा. जो वाचतो त्याची हकिगत अशा योगायोगांची माळच असणार. बाकीच्यांच्या हकिगती पहिल्या-दुसऱ्या पानावरच संपतात, आणि त्या संपताना बाईंनी आपल्याला दाखवलेल्या आहेत.

म्हणून स्कॉम्बरच्या जगण्याचं श्रेय त्या त्याला देत नाहीत. तो शूर नाही, चलाख नाही. प्रस्तावनेत त्यांनी बजावलं आहे की मासा ‘घाबरतो’ असं लिहिलं, तरी माशाला माणसासारखी भीती वाटते असा त्यांचा दावा नाही. तो घाबरल्यासारखा वागतो, एवढंच. या शिस्तीमुळे गोष्ट इसापाच्या वळणावर जात नाही. तात्पर्य निघत नाही.

आणि गंमत अशी की अंगात बळ आलं, पर फुटले, पाठीवर मॅकरेलचे पट्टे उमटले, की स्कॉम्बर करतो काय? झुंडीत शिरतो. इतकी पानं एकट्याच्या मागे धावलेला वाचक आता त्याला शेकडो सारख्या अंगांत शोधत राहतो. सेट यांच्या तक्त्यात एकट्या माशाला जागा नाही. साध्या प्राणिकथेत मेलेल्या लाखांना जागा नसते. कार्सनबाईंनी दोघांनाही एकाच गोष्टीत वागवलं, आणि त्यासाठी विज्ञानाला कुठेही मुरड घातली नाही. बाजारात बर्फावर ओळीने मांडलेले बांगडे पाहताना या पानांच्या वाचकाला एक हिशेब चुकवता येत नाही: इथवर पोहोचलेला प्रत्येक मासा आधीच अपवाद आहे.