शाळेच्या छतावरची वीज : गावाला हिशेब कोण देणार?

लोकवर्गणीतून शाळेच्या गरजा भागवण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. १९१९ साली स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेच्या कितीतरी शाळा गावकऱ्यांच्या देणग्यांवर आणि श्रमदानावर उभ्या राहिल्या. पुढे वर्गखोली, कुंपण, पाण्याची टाकी, संगणक अशा अनेक गोष्टी शाळांना याच मार्गाने मिळत गेल्या. या मालिकेत आता सौर पॅनेलची भर पडली आहे. ग्रामस्थ, माजी विद्यार्थी, मुंबई-पुण्याला नोकरीस गेलेली मंडळी पैसे जमवतात, छतावर पॅनेल चढते, फीत कापली जाते आणि देणगीदारांच्या नावांचा फलक भिंतीवर लागतो.

हा उपक्रम चांगला आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. परंतु ज्या विधानांच्या आधारे ही वर्गणी मागितली जाते, ती विज्ञानाच्या कसोटीवर तपासली तर त्यांतील बरीच अर्धवट ठरतात. ही तपासणी करण्यास शाळेतील विज्ञान शिक्षकाइतकी योग्य व्यक्ती गावात दुसरी नसते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आवाहनपत्रकांत सर्वसाधारणपणे तीन आश्वासने आढळतात : वीजबिल शून्य होईल, वीज गेली तरी शाळेचे काम थांबणार नाही आणि पंचवीस वर्षे चिंता उरणार नाही. ती आपण एकेक करून पाहू.

पहिले आश्वासन बिलाचे. त्यासाठी पॅनेलवरील किलोवॉटचा अर्थ आधी समजून घ्यायला हवा. दर चौरस मीटरवर १००० वॉट सौरऊर्जा पडत असताना आणि सौरघटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना जे पॅनेल तीन किलोवॉट शक्ती देते, ते तीन किलोवॉटचे. ही झाली प्रयोगशाळेतील प्रमाण स्थिती. एप्रिलच्या दुपारी छतावरील सौरघट सहज ६० अंशांपर्यंत तापतो. सिलिकॉनच्या घटाची शक्ती २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे सुमारे ०.४ टक्क्याने घटते. म्हणजे ऐन उन्हातच सुमारे १४ टक्के तूट आली. ही तूट, धूळ, ढग आणि सूर्याचा बदलता कोन हे सर्व लक्षात घेऊन आपल्या भागात एका किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिटे मिळतात, असा ढोबळ हिशेब करतात. त्यानुसार तीन किलोवॉटचे पॅनेल वर्षाला सुमारे ४३८० युनिटे देईल.

आता गरज मोजू. चार खोल्यांच्या एखाद्या प्राथमिक शाळेत ७० वॉटचे आठ पंखे, २० वॉटच्या आठ एलईडी नळ्या आणि २८० वॉटचा संगणक व प्रोजेक्टर आहे असे समजा. सर्व मिळून १००० वॉट, म्हणजे एक किलोवॉट झाले. सर्व उपकरणे दिवसभर चालत नाहीत. रोज चार तास पूर्ण भार धरला तर चार युनिटे लागतील. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरणे आवश्यक केले आहे. म्हणजे शाळेची वर्षाची गरज सुमारे ८०० युनिटे. ४३८० पैकी पाचवा हिस्साही नाही! शिवाय ऊन भरपूर असते त्या मे महिन्यात शाळेला सुटी असते आणि ढगाळ आषाढ-श्रावणात वर्ग भरलेले असतात.

उरलेल्या विजेचे काय होते? नेट मीटर असेल तर ती वितरण कंपनीच्या तारांत जाते आणि पुढील बिलांतून वजा होते. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाने २०१५ साली त्याचे नियम केले. परंतु ज्या शाळेची गरजच ८०० युनिटांची आहे, तिची शिल्लक फिटणार कशी? वर्षअखेरीस तिचा मोबदला मिळतो, पण तो आपण विजेला मोजतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. नेट मीटर नसेल तर पॅनेल भारापुरतीच वीज देते आणि बाकीचे ऊन वाया जाते. शिवाय बिलातील स्थिर आकार दरमहा भरावा लागतोच. तेव्हा ‘बिल शून्य’ या शब्दांऐवजी ‘बिल बरेच कमी’ असे लिहिणे प्रामाणिकपणाचे ठरेल. या शाळेला एक किलोवॉटचे पॅनेल बहुतेक दिवशी पुरले असते, हेही तेव्हाच सांगायला हवे. तीन किलोवॉट कशासाठी, असे विचारले की अनेकदा एवढेच उत्तर मिळते : जमलेल्या पैशांत तेवढे बसले.

दुसरे आश्वासन भारनियमनाचे. येथे होणारा गैरसमज सर्वांत महागात पडतो. छतावरील पॅनेलचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात पॅनेल थेट वितरण कंपनीच्या जाळ्याशी जोडलेले असते, दुसऱ्यात बॅटरी असते. पहिला प्रकार स्वस्त पडतो, म्हणून वर्गणीच्या पैशांत बहुधा तोच बसतो. या प्रकारातील इन्व्हर्टर जाळ्यातील प्रत्यावर्ती प्रवाहाशी ताल जुळवून काम करतो. जाळ्यातील वीज गेली की तो स्वतःही बंद पडतो. हा त्याचा दोष नव्हे. ती सक्तीची सुरक्षा व्यवस्था आहे. बाहेर वीज बंद करून खांबावर चढलेल्या वायरमनला शाळेच्या छतावरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून ती केलेली असते. परिणाम मात्र असा होतो की डोक्यावर लख्ख ऊन आहे, छतावर पॅनेल आहे आणि वर्गातील पंखा बंद आहे.

थकबाकीमुळे जोडणी तोडलेल्या शाळेत तर अशा पॅनेलचा काहीच उपयोग होत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांची वीज बिलापायी तोडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. बिल भरता येत नाही म्हणून पॅनेल घ्यायचे, आणि बिल भरले नाही म्हणून ते पॅनेलही निकामी व्हायचे, अशी ही कोंडी आहे.

तिसरे आश्वासन पंचवीस वर्षांचे. ते काचेच्या पॅनेलपुरते बरेचसे खरे आहे. परंतु इन्व्हर्टरचे आयुष्य साधारण दहा वर्षांचे, तर शिशाच्या बॅटरीचे चार-पाच वर्षांचे. बॅटरीची पद्धत घेतली तर पंचवीस वर्षांत चार-पाच वेळा बॅटऱ्या बदलाव्या लागतील. वर्गणी मात्र एकदाच मिळते. समारंभाच्या उत्साहात पहिल्या बॅटरीला पन्नास हात पुढे येतात. दुसरीच्या वेळी मुख्याध्यापक एकटे उरतात. बंद बॅटऱ्यांचा ढीग कोपऱ्यात पडलेल्या शाळा आम्ही पाहिल्या आहेत. तेथे पुढच्या कामासाठी वर्गणी मागणे अवघड होऊन बसते. नुकसान बॅटरीचे असतेच. त्याहून मोठे नुकसान गावाच्या विश्वासाचे होते.

वर्गणीतून शाळेवर पॅनेल ही कल्पना केवळ आपल्याकडची नाही. ब्रिटनमध्ये टेन-टेन नावाच्या संस्थेने ‘सोलर स्कूल्स’ हा उपक्रम चालवला होता. त्यात शाळा आपल्या परिसरातील लोकांकडून लहानलहान देणग्या गोळा करत. तेथे एप्रिल २०१० पासून छतावर निर्माण होणाऱ्या प्रत्येक युनिटामागे ठरावीक रक्कम मिळण्याची योजना होती. पैसे मिळायचे ते मोजलेल्या युनिटांचे, त्यामुळे मोजणी आपोआप होत असे. पुढे २०१२ साली नव्या जोडण्यांसाठी हा दर जवळजवळ निम्म्यावर आणला गेला आणि ३१ मार्च २०१९ नंतर योजना नव्या अर्जदारांना बंद झाली. यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. युनिटे मोजली तरच देणगीचे फळ दिसते. आणि सरकारी दरावर आधारलेले गणित मांडताना तो दर बदलू शकतो, हेही देणगीदारांना सांगावे लागते.

मग करावे काय? वर्गणीची पावती फाडण्यापूर्वी शिक्षकांनी तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत, असे आम्हांस वाटते. शाळेला कोणत्या वेळी किती युनिटे लागतात? गावात शाळेच्या वेळात वीज किती तास जाते? पाचव्या आणि दहाव्या वर्षीचा खर्च कोण करणार? पहिल्या उत्तरातून पॅनेलचा आकार ठरेल, दुसऱ्यातून प्रकार. तिसऱ्या उत्तरासाठी जमलेल्या रकमेचा काही भाग बँकेत मुदत ठेवीत ठेवावा. पॅनेल थोडे लहान झाले तरी चालेल.

एक प्रश्न मात्र शाळेच्या आवाक्याबाहेरचा आहे. ज्या गावाची माणसे शहरात कमावती आहेत, त्या गावाच्या शाळेवर पॅनेल येते. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या वस्तीवरील शाळेसाठी कोण पैसे जमवणार? सरकारी शाळेचे वीजबिल ही मुळात शासनाची जबाबदारी आहे. वर्गणीने तिला हातभार लागावा, तिच्यातून शासनाची सुटका होऊ नये.

शेवटी एक सोपी सूचना. इन्व्हर्टरवर रोजच्या युनिटांचा आकडा दिसतो. सहावी-सातवीच्या मुलांनी तो रोज शाळा सुटताना वहीत टिपावा आणि महिन्याचा आलेख काढावा. जुलैचा आणि फेब्रुवारीचा आलेख शेजारी ठेवला की ढगांचा परिणाम पाठ्यपुस्तकाविना समजेल. पॅनेल धुण्याआधीचे आणि नंतरचे आकडे ताडले तर धुळीची किंमत कळेल. एखाद्या महिन्यात आकडा अचानक घसरला तर बिघाड वर्षभर लपून राहणार नाही. देणगीदारांच्या नावांचा फलक भिंतीवर आहेच. त्याच्या शेजारी खडूने लिहिता येईल असा एक छोटा फळा लावावा, आणि या महिन्यात किती युनिटे निर्माण झाली व त्यांतील किती शाळेने वापरली, हे दोन आकडे मुलांनी त्यावर लिहावेत.